विंचवाची कविता वर्गात : नववी-दहावीला इंग्रजी साहित्य शिकवू लागलेल्यांसाठी

नव्याने इंग्रजी शिकवायला लागलेल्या माणसाला कविता शिकवायची एकच रीत ठाऊक असते, कारण तो स्वतः त्याच रीतीने शिकलेला असतो. एक ओळ वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, अवघड शब्द फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या ओळीकडे वळायचं. शेवटी मध्यवर्ती कल्पना उतरवून द्यायची. पहिली काही वर्षं मीही असंच शिकवलं. मुलांच्या वह्या भरायच्या, गुणही मिळायचे. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर तीच कविता काढली, तर तिच्यातला एक शब्दही कुणाला आठवत नसे. मुलांनी कविता वाचलेलीच नसायची. त्यांनी माझा मराठी गोषवारा पाठ केलेला असायचा.

हा लेख मराठी माध्यमाच्या किंवा सेमी-इंग्रजी वर्गांवर शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी आहे. साहित्य कसं शिकवावं याचे सर्वसाधारण सल्ले वर्गात उभं राहिल्यावर फारसे कामी येत नाहीत, म्हणून एकच कविता घेऊन पाच तासिका कशा चालवायच्या ते सांगतो. कविता आहे निसिम इझिकेल यांची ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’. १९६५ साली आलेल्या ‘द एक्झॅक्ट नेम’ या त्यांच्या संग्रहात ती आहे. तुमच्या पाठ्यपुस्तकात ती नसेल तर पूरक वाचन म्हणून घ्या. वर्षभरात एक कविता अशी सावकाश शिकवलीत तरी बाकीच्या कविता वाचताना मुलांना तिचा उपयोग होतो.

कवितेत घडतं ते इतकंच : दहा तास पाऊस लागलेला आहे, त्याने हैराण झालेला विंचू तांदळाच्या पोत्याखाली येऊन बसतो आणि अंधाऱ्या खोलीत आईला डसतो. गावकरी कंदील आणि मेणबत्त्या घेऊन जमतात, देवाचं नाव घेतात, गेल्या जन्माच्या पापांबद्दल आणि पुढच्या जन्माच्या भोगांबद्दल बोलतात. बुद्धिवादी वडील हाताला लागेल तो उपाय करून पाहतात. वीस तासांनी कळा थांबतात, आणि आई एकच वाक्य बोलते. हे सगळं त्या घरातल्या मुलाने पाहिलेलं आहे आणि तोच सांगतो आहे.

ही कविता इंग्लंडमधल्या शाळांतही शिकवली गेली आहे. तिथल्या जीसीएसई परीक्षेच्या एका काव्यसंग्रहात, परक्या संस्कृतींच्या विभागात, ती होती. तिथल्या शिक्षकाला मातीच्या भिंती, तांदळाचं पोतं, मागचा जन्म, मंत्र टाकणारा माणूस हे सगळं समजावून द्यावं लागत असणार. आपल्या मुलांना त्यातलं काहीच समजावावं लागत नाही. इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारा मुलगाही या कवितेबद्दल पुष्कळ काही जाणून असतो. त्याला माहीत आहे ते आणि छापलेले इंग्रजी शब्द यांची गाठ घालून देणं, हेच माझ्या मते आपलं काम आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

वर्गात जाण्याआधी

कविता घरी मोठ्याने वाचा. एकदा वाचून भागत नाही, चार-पाच वेळा वाचा. ही मुक्तछंदातली कविता आहे आणि तिच्या ओळी वाक्याच्या मध्येच तुटतात. पहिलीच ओळ ‘माय मदर’वर संपते आणि आईला काय झालं ते दुसऱ्या ओळीत कळतं. दर ओळीच्या शेवटी थांबलात तर अर्थाचे तुकडे होतात आणि मुलांच्या कानावर नुसते सुटे शब्द पडतात. पेन्सिलीने पूर्णविराम आणि स्वल्पविराम ठळक करून घ्या आणि तिथेच थांबा. ओळ जिथे तुटते तिथे आवाज किंचित रेंगाळू द्या, थांबू मात्र नका.

मग शब्द. या कवितेत मुलांना न येणारे तीसेक शब्द सहज निघतील. सगळे फळ्यावर लिहिलेत तर तासिका तिथेच संपेल. मी त्यांचे तीन गट करतो. काही शब्द सरळ सांगून टाकायचे : ‘सॅक’ म्हणजे पोतं, ‘पॅराफिन’ म्हणजे रॉकेल, ‘इन्कॅन्टेशन’ म्हणजे मंत्र. ‘हायब्रिड’ म्हटलं की आमच्या मुलांना ज्वारी आठवते, म्हणून इथे तो शब्द मिश्र औषधासाठी आला आहे हेही सांगतो. काही शब्द मुलांना ओळखू द्यायचे : ‘बझ्ड’, ‘ग्रोनिंग’, ‘डायबॉलिक’. आणि ‘स्केप्टिक’ व ‘रॅशनलिस्ट’ हे दोन शब्द मुद्दाम चौथ्या तासिकेपर्यंत राखून ठेवायचे. का ते पुढे येईल.

वर्गशिक्षकांकडे एक चौकशी मात्र आधीच करा. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी विंचूदंशाने किंवा सर्पदंशाने कुणी गेलं आहे का, आणि कुणाची आई हयात नाही असं आहे का? असेल तर कविता टाळायची गरज नाही. त्या मुलाशी आदल्या दिवशी दोन शब्द बोलून ठेवा आणि वर्गात त्याच्याकडे बोट दाखवून प्रश्न विचारू नका.

पहिली तासिका : पुस्तक बंद

पुस्तक उघडू नका, कवीचं नावही सांगू नका. मराठीत विचारा : विंचू कुणी पाहिला आहे? कुणाला चावला आहे? गावाकडच्या शाळेत याला एवढी उत्तरं येतात की आवरावी लागतात. शहरातली मुलं आजोळच्या गोष्टी सांगतात. कुणाच्या आजीने चिंचोका उगाळून लावलेला असतो, कुणाच्या आजोबांना मांत्रिकाकडे नेलेलं असतं. फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर मुलांचे शब्द जसेच्या तसे लिहीत जा : नांगी, इंगळी, कळा, ठणका, उतारा. बरोबर-चूक आज ठरवायचं नाही. दहा मिनिटांत हे थांबवा, नाहीतर घंटा होईपर्यंत विंचूच चालतील.

मग पुस्तकं बंद ठेवूनच कविता वाचून दाखवा, न थांबता, अर्थ न सांगता. वाचून झाल्यावर विचारा, काय ऐकू आलं? एकेक इंग्रजी शब्द सांगितला तरी पुरे. ‘रेन’, ‘मदर’, ‘गॉड’, ‘कँडल्स’ असे शब्द येतात आणि फळ्याची उजवी बाजू भरते. आता पुस्तक उघडायला सांगून दुसऱ्यांदा वाचा. या वेळी मुलांचं बोट ओळीवरून फिरू द्या. पहिल्या तासिकेत एवढंच. एखादा विद्यार्थी “सर, अर्थ?” असं विचारेलच. “उद्या तुम्हीच सांगणार आहात,” म्हणा आणि ते खरं करून दाखवा.

दुसरी तासिका : खोलीचा नकाशा

फळ्यावर एक मोठा चौकोन काढा. ही त्या रात्रीची खोली. मुलांनी एकेक वस्तू, एकेक माणूस त्यात आणून ठेवायचा. अट एकच : जे ठेवाल त्याचा इंग्रजी शब्द कवितेत बोट ठेवून दाखवायचा. पोतं कुठे, चटई कुठे, आई कुठे, शेजारी कुठे बसलेत? ‘इन द सेंटर’ सापडलं की आई मधोमध येते आणि माणसं तिच्याभोवती जमिनीवर बसतात. बहुतेक वर्गांत कुणीतरी डॉक्टर काढायला निघतं. दाखव म्हटलं की ते मूल पूर्ण कविता धुंडाळतं आणि डॉक्टर कुठेच सापडत नाही. त्या शोधात त्याने सगळ्या ओळी पुन्हा वाचलेल्या असतात, आणि ते त्याच्या ध्यानातही आलेलं नसतं.

मग विचारा, विंचू कुठे आहे? बरीच मुलं पोत्याखाली काढतात. ‘ही रिस्क्ड द रेन अगेन’ या ओळीपाशी त्यांना थांबवा. तो तर केव्हाच बाहेर पावसात गेला आहे! म्हणजे गावकरी कंदील घेऊन ज्याला शोधत आहेत तो खोलीत नाहीच. पण भिंतींवर पाहा. कंदिलांच्या उजेडात तिथे प्रचंड सावल्या पडल्या आहेत, आणि कवी त्यांना विंचवाच्या सावल्या म्हणतो. या सावल्या नेमक्या कुणाच्या? इथे मी पूर्ण पाच मिनिटं गप्प राहतो. कधी एखादी मुलगी म्हणते, माणसांच्याच असणार, कंदील त्यांच्याच हातात आहेत. कधी एखादा मुलगा म्हणतो, त्या लहान पोराला भीतीने तशा दिसल्या असतील. दोन्ही उत्तरं घ्या. प्रतिमा म्हणजे काय हे व्याख्या देऊन शिकवण्यापेक्षा इथे ते मुलांच्या हाती लागतं, आणि तो पारिभाषिक शब्द त्यानंतर सांगितला की मनात बसतो.

जाता जाता आणखी एक प्रश्न टाका : विंचवाला ‘इट’ न म्हणता ‘ही’ का म्हटलं आहे? उत्तर घेऊ नका, वहीत लिहून आणायला सांगा.

तिसरी तासिका : आवाज

ही माझी सर्वांत आवडती तासिका आहे. शेजारच्या वर्गातल्या बाईंना आधी सांगून ठेवा, गलका होणार आहे.

गावकऱ्यांच्या तोंडी लागोपाठ ‘मे’ने सुरू होणारी वाक्यं आहेत आणि अधूनमधून ‘दे सेड’ येतं. एकेका बाकाला एकेक ‘मे’चं वाक्य द्या. ‘दे सेड’ आलं की पूर्ण वर्गाने म्हणायचं. वडिलांच्या ओळी एक जण, मुलाच्या तोंडच्या ‘आय वॉच्ड’च्या ओळी दुसरं कुणीतरी. शेवटच्या तीन ओळी आज वाचायच्याच नाहीत, आईचा आवाज मुद्दाम राखून ठेवायचा. दोन-तीनदा म्हटलं की मुलांना आपोआप ताल सापडतो, आरतीत टाळ पडावा तसा. पुनरावृत्तीने काय होतं ते मग वेगळं सांगायला लागत नाही. “ऐकताना कसं वाटलं?” एवढं विचारा. एका वर्गात एक मुलगा म्हणाला होता, “सर, एवढी माणसं बोलतात, पण आईला कुणी काही विचारतच नाही.” दहावीतल्या मुलाचं हे वाचन मला आजही थक्क करतं.

याच तासिकेत व्याकरणाची एक गाठ सोडवायची असते. आपल्या मुलांना ‘मे’ म्हणजे ‘मे आय कम इन’ एवढंच माहीत असतं. इथला ‘मे’ इच्छेचा आहे, मागण्याचा आहे. मराठीत त्यासाठी हक्काचं रूप आहे आणि ते प्रत्येकाला पाठ असतं. पसायदान म्हणायला सांगा. ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘जो जे वांछील तो ते लाहो’. या ‘जावो’, ‘लाहो’च्या शेजारी कवितेतला ‘मे’ लिहा आणि मुलांना ती वाक्यं मराठीत करू द्या : पापं जळोत, दुःख कमी होवो. अशा ठिकाणी मराठीचा आधार खुशाल घ्या. ओळीचा अर्थ तयार देण्यासाठी मराठी वापरली तर मुलं इंग्रजीकडे पाहतच नाहीत. इंग्रजी रूपाची चव कळावी म्हणून वापरली तर तीच मुलं पुन्हा त्या ओळीकडे वळतात. वर्गात मराठी बोलावी की नाही यावर पुष्कळ वाद होतात. माझ्यापुरता मी हा फरक धरून चालतो.

चौथी तासिका : गावकरी, वडील आणि एकनाथ महाराज

आता ‘स्केप्टिक’ आणि ‘रॅशनलिस्ट’ फळ्यावर लिहा. अर्थ सांगा आणि विचारा, अशा माणसाने काय काय केलं? कवितेत यादीच आहे : शाप, आशीर्वाद, पूड, काढा, पाला. शेवटी डसलेल्या बोटावर रॉकेल ओतून काडी लावली. मग विचारा, तो असं का वागला? हे शब्द आधी शिकवले असते तर मुलांनी वडिलांना ‘शहाणे’ आणि गावकऱ्यांना ‘अडाणी’ असे शिक्के मारून विषय संपवला असता. तीन दिवस त्या खोलीत वावरल्यावर ती इतक्या सहज निवाडा करत नाहीत.

नव्या शिक्षकांची इथे एक चूक हमखास होते. कवितेचं रूपांतर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या भाषणात होतं. ते भाषण गरजेचं आहे, मीही देतो, पण पाच मिनिटांत आणि वेगळं काढून. विंचू डसला तर थेट दवाखान्यात जायचं, हे स्पष्ट सांगा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, हे कोकणातल्याच नव्हे तर प्रत्येक मुलाला माहीत हवं. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत विंचवाचा नावानिशी उल्लेख आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचा उपचार करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. एवढं सांगून कवितेकडे परत या आणि प्रश्न बदला : ही माणसं चूक होती की बरोबर हे बाजूला ठेवू, ती भर पावसात रात्रभर का बसून राहिली? त्यांच्या चेहऱ्यावर शांती होती असं कवी म्हणतो. त्या मुलाला ती शांती आवडली असेल की तिचा राग आला असेल? कवितेत याचं थेट उत्तर नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी शब्द काढून दाखवता येतात. गावकऱ्यांना माश्यांच्या थव्याची उपमा दिली आहे, हे एखादी मुलगी पुढे करते. ते रात्रभर सोबत बसले, हे दुसरी.

यानंतर मी ‘विंचू चावला’ म्हणायला लावतो. शाहीर साबळे यांच्या आवाजात मुलांच्या घरी ते ऐकलेलं असतं. सोळाव्या शतकातलं संत एकनाथांचं हे भारूड : ‘विंचू चावला वृश्चिक चावला, कामक्रोध विंचू चावला, तम घाम अंगासी आला’. आता इझिकेलांच्या कवितेतलं गावकऱ्यांचं ते वाक्य शोधा, ज्यात विषाने देहातली वासना धुऊन निघो असं म्हटलं आहे. मुलांचे डोळे इथे चमकतात. दोन्हीकडे विंचू आहे, वासना आहे, उतारा आहे. मग फरक काय? नाथांच्या भारुडात विंचू हेच काम-क्रोधाचं रूपक आहे. नांगीवाला खरा विंचू तिथे नाही, आणि उतारा सत्त्वगुणाचा आहे. इझिकेलांच्या कवितेत विंचू खरा आहे, बोट खरं आहे, आई चटईवर खरोखर तळमळते आहे, आणि तिच्या वेदनेला अर्थ देण्याचं काम भोवतीची माणसं करत आहेत. भारुडाच्या शेवटी ‘किंचित राहिली फुणफुण’ आणि कवितेत वीस तासांनी उतरलेली कळ, ही दोन वाक्यं शेजारी लिहून मी वर्गाला पाहत राहू देतो. मुलं हा फरक त्यांच्या शब्दांत सांगतात. “नाथांचा विंचू आतला, ह्यांचा बाहेरचा,” असं उत्तर मला मिळालेलं आहे.

कवीची माहिती मी इथे सांगतो, पहिल्या दिवशी नाही. इझिकेल १९२४ साली मुंबईत जन्मले आणि २००४ साली गेले. ते बेने इस्रायली समाजातले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या मराठीभाषक ज्यूंपैकी. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावोगाव या लोकांना शनवार तेली म्हणत. इझिकेल स्वतः इंग्रजीत लिहीत, पण इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात त्यांचा हात होता. ही माहिती आली की मुलं कवितेकडे पुन्हा एकदा पाहतात. इंग्रजी कविता म्हणजे कुठल्यातरी लांबच्या देशातली असं जे त्यांना वाटत असतं, ते जरा हलतं.

पाचवी तासिका : लिहिणं

फळ्यावर उत्तर उतरवून देऊ नका. मुलांना तीन वाक्यांचा साचा द्या : मला काय वाटतं, कवितेतला कुठला शब्द ते दाखवतो, आणि तो शब्द तिथे काय करतो. विषय एकच : वडील किंवा गावकरी. वाक्यं इंग्रजीतच लिहायची, कितीही मोडकी चालतील.

वह्या तपासताना दोन रंगांच्या पेनांनी तपासा. ‘फादर ट्राय एव्हरीथिंग बिकॉज ही अफ्रेड’ असं एका मुलाने लिहिलं. व्याकरण दोन ठिकाणी चुकलं आहे, पण वाचन अगदी अचूक आहे. हिरव्या पेनाने विचाराला दाद द्या, मग निळ्याने ‘ट्राइज’ आणि ‘इज अफ्रेड’ दुरुस्त करा. हाच क्रम ठेवा. आधी चुका दाखवल्या की ते मूल पुढच्या वेळी गाईडमधलं वाक्य उतरवतं, कारण त्यात चूक नसते. साठ वह्या तपासायला वेळ नसेल तर दर आठवड्याला पंधराच घ्या, पण त्या नीट वाचा.

परीक्षेचं थोडक्यात सांगतो. कृतिपत्रिकेत रसग्रहणासाठी यमक, अलंकार, आशय असे मुद्दे असतात. यमक ओळींच्या शेवटच्या शब्दांचा उच्चार करून स्वतः तपासायची सवय लावा. या कवितेत यमक नाही, ते ‘फ्री व्हर्स’ आहे असं लिहायचं. पाठ केलेली यमकरचना मुलं जिथे-तिथे चिकटवतात, म्हणून हे बजावून सांगावं लागतं. अलंकार चारच धरा : माश्यांची उपमा, विंचवाला ‘ही’ म्हणण्यातलं चेतनगुणोक्तीचं वळण, ‘पार्टिंग विथ हिज पॉयझन’मधला अनुप्रास, आणि पुनरावृत्ती. तिसऱ्या तासिकेत मुलांनी ती म्हटलेलीच आहे, त्यामुळे नाव तेवढं सांगायचं उरतं.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. पूर्ण कविता तिसऱ्यांदा, सगळ्यांनी मिळून म्हणायची, आणि आता आईच्या तीन ओळी कुणीतरी एकाने. कुणाला द्यायच्या ते आधी ठरवा. मी बहुतेक वेळा वर्गात सर्वांत कमी बोलणाऱ्या मुलाला किंवा मुलीला देतो आणि आदल्या दिवशी घरी सराव करून यायला सांगतो. छापील पानावर या तीन ओळी बाकी कवितेपासून सुटून उभ्या आहेत. त्या जागेवर वाचणाऱ्याने मनात तीन आकडे मोजून थांबायचं. ‘ओन्ली’ या शब्दावर किंचित जोर द्यायला सांगा. गावकरी किती बोलले आणि आई किती, हे त्या एका शब्दात येतं.

घरचा अभ्यास असा : या तीन ओळी घरातल्या कुणाही मोठ्या माणसाला इंग्रजीत वाचून दाखवायच्या, मग काय घडलं ते मराठीत सांगायचं, आणि ते माणूस जे म्हणेल ते शब्दशः वहीत लिहून आणायचं. ‘आईला विचारा’ असं म्हणू नका. कुणाच्या घरी आजी असेल, कुणाच्या काका, कुणाच्या वसतिगृहातल्या मावशी. दुसऱ्या दिवशी ही उत्तरं वर्गात वाचली जातात, आणि त्यांतली चार-दोन इंग्रजीत कशी म्हणता येतील यावर सहावी तासिका सहज खर्ची पडते.